गाडीचं पाणी

परवा पंचवटी चौकात एक पिकअप बॉनेट उघडून उभी होती. मागे संत्र्यांच्या क्रेट, त्यावर निळी ताडपत्री, आणि पुढे ड्रायव्हर सीलबंद पाण्याची बाटली रेडिएटरमध्ये रिकामी करत होता. मी स्कूटी कडेला घेतली, हेल्मेट काढलं आणि त्या अनोळखी माणसाला म्हणाले, "दादा, गोडं पाणी टाकता ना? हेच टाकत जा नेहमी." तो आधी माझ्याकडे, मग बाटलीकडे पाहत राहिला. "मॅडम, बाटलीत काय खारं पाणी भेटते काय?"

त्याचं बरोबरच होतं. पण मृग बहाराची संत्री अमरावतीत उतरली, हातगाड्यांवर त्यांचे ढीग लागले आणि सालीचा तो नाकात झोंबणारा वास दुपारच्या उन्हात मिसळला, की माझं डोकं दरवर्षी थोडं फिरतं. मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. माझ्या विद्यार्थ्यांना वाटतं, मॅडमचा हा चिडचिडेपणा परीक्षांमुळे आहे. त्यांना मी खरं कारण कधी सांगितलेलं नाही. परीक्षा, संत्री आणि एका पिकअपचं मेलेलं इंजिन या तीन गोष्टी माझ्या आयुष्यात एकाच फेब्रुवारीत आल्या आणि तेव्हापासून त्या वेगळ्या झालेल्या नाहीत.

माझं माहेर दर्यापूर आणि मूर्तिजापूरच्या मधलं, खारपाणपट्ट्यातलं. जमीन काळीभोर, हरभरा असा की रस्त्यानं जाणारा थांबून घाटे तोडून खाईल. पण जमिनीखालचं पाणी खारट. आमच्या विहिरीला बारमाही पाणी होतं आणि त्याचा उपयोग भांडी, कपडे, आंघोळ आणि गुरं एवढाच. त्या पाण्यात साबणाला फेस यायचा नाही. डाळ तासभर उकळली तरी दाणा अन् दाणा वेगळा राहायचा. चहात दूध घातलं की फाटायचं. गोडं पाणी आठवड्यातून दोनदा टँकरनं यायचं आणि देवघराशेजारी झाकून ठेवलेल्या दोन पितळी गुंड्यांत राहायचं. त्या गुंडीत हात बुडवणाऱ्याला आईनं कधी माफ केलं नाही, मग तो पाहुणा का असेना.

गंमत म्हणजे खारं पाणीसुद्धा सगळीकडे सारखं खारं नसतं. आमच्याकडच्या माणसांना विहीर जिभेवरून कळते. पाटलाच्या विहिरीचं पाणी कडवट, शाळेजवळच्या हापशीचं नुसतंच खारट, आणि आमच्या विहिरीचं घशात उतरताना मागून किंचित तुरट. बाबा तर डोळे मिटून सांगायचे. पुढे त्यांच्या याच जिभेनं आमचा घात केला.

बाबांची पिकअप जुनीच घेतलेली होती. घरच्या शेतीशिवाय ते संत्र्याच्या मौसमात वरूडकडच्या बागांमधून माल उचलून अकोल्याच्या फळबाजारात पोचवायचे. गाडी चालवायचा सुधाकर. शेजारच्या गावचा, पस्तिशीचा, कमी बोलणारा माणूस. खांद्यावर कायम एक चौकड्याचा दुपट्टा. गाडी सुरू करण्याआधी तो स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावायचा आणि मग बॉनेट उघडायचा, कारण गाडी म्हातारी होती आणि रेडिएटर कुठेतरी झिरपत होता. रोज चार-पाच लोटे पाणी प्यायल्याशिवाय ती हलायची नाही.

खारं पाणी इंजिनाला चालत नाही हे सुधाकरला पक्कं ठाऊक होतं. म्हणून वरूडच्या ज्या बागेतून माल निघायचा, त्या बागवाल्याकडून तो दर फेरीला दोन कॅन गोडं पाणी मागून आणायचा. तिकडेही पाणी काही वाहत नव्हतं, बोअर खोल खोल चालले होते, झाडं जगवतानाच त्यांच्या नाकी नऊ यायचे. पण गाडी थांबली तर संत्री सडतील, म्हणून बागवाला दोन कॅन भरू द्यायचा. दोनच. सुधाकर त्या पांढऱ्या कॅन आमच्या अंगणात भिंतीला टेकवून ठेवायचा आणि आईला बजावायचा, "वैनी, हे गाडीचं पाणी हाय. याले हात नोका लावू."

आता तुम्हीच सांगा. ज्या बाईनं उभ्या आयुष्यात गोडं पाणी वाटीनं मोजून वापरलं, तिच्या अंगणात चाळीस लिटर गोडं पाणी उन्हात ठेवायचं आणि ते एका लोखंडाच्या डब्यात ओतायचं आहे असं सांगायचं! आईला ते पटणं शक्यच नव्हतं. पहिल्यांदा तिनं एकच लोटा घेतला, पाहुणे आले होते म्हणून. कॅनमधलं पाणी कमी दिसेल म्हणून तेवढंच विहिरीचं वर घातलं. त्या दिवशी चहा फाटला नाही. दाट, केशरी, घोटाघोटाला दूध लागणारा चहा. बाबा म्हणाले, "वा! आज चाय झाला चाय!" दुसऱ्यांदा वरणासाठी घेतलं. डाळ लोण्यासारखी शिजली. तिसऱ्यांदा मी विचारलं, "आई, गाडीचं पाणी हाय ना वं ते?" आई म्हणाली, "गाडीले काय समजते? तिले ओलं भेटलं म्हंजे झालं. माणसापेक्षा गाडी मोठी काय?"

मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, मला त्यात एक न्याय दिसला. माणसं खारं पिणार आणि यंत्र गोडं पिणार, हा कुठला कायदा? पुढच्या मौसमापासून ते काम माझ्याकडेच आलं. अमरावतीच्या कॉलेजातून सुट्टीत घरी आले की संध्याकाळी कॅन आल्या आल्या मी त्या गुंडीत रिकाम्या करायची आणि विहिरीच्या पाण्यानं काठोकाठ भरून, बाहेरून पुसून, होत्या तिथे ठेवायची. मी नसले की आई करायची. सकाळी सुधाकर यायचा, स्टिअरिंगचा हात कपाळाला लावायचा आणि त्या कॅनमधलं पाणी गाडीला असं जपून पाजायचा, की एक थेंब बाहेर सांडू द्यायचा नाही. मी ओट्यावर बसून चहा पीत ते पाहायची. दोन मौसम असेच गेले.

आणि मी शिकत काय होते? बी. एस्सी., रसायनशास्त्र. माझ्या वहीत कठीण पाण्याचं आख्खं प्रकरण होतं. पाण्यातले क्षार तापल्यावर बॉयलरच्या आतून कसे थर धरतात, लोखंड कसं खातात, उष्णता कशी अडवतात, सगळं सुवाच्य अक्षरात. शेजारी आकृती, तिला बाण. त्या फेब्रुवारीत परीक्षेसाठी मी ओट्यावर बसून तेच प्रकरण घोकत होते. पाचव्या पानावर खूण ठेवून उठायची, कॅन भरायची आणि परत येऊन सहावं पान वाचायची. पुस्तकातला बॉयलर आणि अंगणातली गाडी यांचा एकमेकांशी संबंध असू शकतो हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. पढतमूर्ख हा शब्द मला पुढे कुणी शिकवावा लागला नाही.

ज्या दिवशी इंजिन गेलं त्या दिवशी मी गाडीतच होते. अकोल्याला मावशीकडे जायचं होतं. मध्ये मी, खिडकीशी बाबा, मागे संत्री. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हरभऱ्याची सोंगणी चाललेली, कुणीतरी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, ओल्या घाट्यांचा हुळा भाजत होतं, त्याचा धूर आत येत होता. मूर्तिजापूर मागे पडलं आणि त्या धुरात दुसराच वास मिसळला, तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारखा. सुधाकरनं तापमानाच्या काट्याकडे पाहिलं आणि गाडी बाजूला घेईपर्यंत खालून एक आवाज आला. लोखंडानं लोखंडाला चावावं तसा. मग काहीच नाही. इतकी शांतता मी त्या गाडीत कधी ऐकली नव्हती. बॉनेटच्या फटींतून वाफ येत होती आणि सुधाकरचे दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच होते.

"सकाळी पाणी पाह्यलं होतं काय बे?" बाबांनी विचारलं.

"पाह्यलं ना भाऊ. म्या सोता टाकलं. कॅनीतलं."

संत्री दुसऱ्या गाडीत चढवली आणि आमची पिकअप ट्रॅक्टरला टोचन करून अकोल्याला हनीफ मिस्त्रीच्या गॅरेजात नेली. हनीफभाई मूळचे बाळापूरचे, बाबांचे जुने दोस्त. दाढी पांढरी आणि बोटं कायमची काळी. त्यांनी पाना घालून इंजिन फिरवून पाहिलं. फिरेना. "जाम झालं भाऊ," ते म्हणाले. "उतरवा लागते."

इंजिन उतरवणं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मला मावशीकडे जा म्हणाले, पण मी थांबले. आधी बॉनेट निघालं, मग रेडिएटर, मग एकेक पाइप, एकेक वायर. नटबोल्ट एका ताटलीत जमत गेले. गॅरेजच्या लोखंडी तुळईला चेनकप्पी अडकवली होती; इंजिनाला साखळी बांधून हनीफभाई ती ओढू लागले, कड कड कड, आणि ते वर आलं. काळं, तेलकट, वाटलं होतं त्याहून लहान. ज्याचा आवाज आम्ही अंथरुणातून ओळखायचो ते साखळीला लोंबकळत हळूहळू गोल फिरत होतं. घरच्या वडीलधाऱ्या माणसाला पहिल्यांदाच दवाखान्याच्या खाटेवर पाहावं, तशी मी हादरले.

खरा हादरा पुढेच होता. हनीफभाईंनी वरचं झाकण, ज्याला ते हेड म्हणत, ते उघडलं. इंजिनाच्या पोटात पाणी फिरायला वाटा असतात. त्या वाटा दिसत नव्हत्या. तिथे पांढरट पिवळं काहीतरी थरांवर थर साचलं होतं, मधून मधून गंजाचे लाल डाग, आणि एका जागी लोखंडच खाल्लं जाऊन भोक पडलेलं. माझ्या वहीतली आकृती. फक्त बाण नव्हते. मी तिथल्या टायरवर बसले.

"या अल्ला," हनीफभाई पुटपुटले. त्यांनी पेचकसानं एक पापुद्रा काढला, फडक्याला पुसला आणि खुशाल जिभेवर ठेवला. "नमक है भाऊ. खारपाणातले ट्रॅक्टर पाह्यले म्या, पण एवढं मीठ नाही पाह्यलं. कोणाच्या विहिरीचं पाणी पाजून राहिले होते याले?"

"काहीतरीच काय बोलता!" बाबा म्हणाले. "वरूडचं पाणी जाते गाडीत. सुधाकर भरून आणते."

"मंग चाखून पाहा."

बाबांनी चाखलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. त्यांनी तो कण जिभेवर फिरवला, डोळे मिटले, आणि मग त्यांचा चेहरा जो बदलला तो मी जन्मात विसरणार नाही. राग नंतर आला. आधी नुसता धक्का होता, आपल्याच घरात आपल्याला कुणी ढकलून द्यावं तसा. "हे त आपलं पाणी हाय," ते म्हणाले. "आपल्या विहिरीचं."

मग ते सुधाकरकडे वळले. दोन अधिक दोन चार करायला त्यांना क्षण लागला नाही, फक्त आकडेच चुकीचे घेतले. "तू रोज कॅनी आणत होता. त्या कॅनीतलं पाणी गाडीत गेलंच नाही. मंग गेलं कुठी? घरी नेलं ना तू? लेकराबायकोले गोडं पाजलं अन् माह्या गाडीले खारं!"

 सुधाकरला ते समजायलाच वेळ लागला. आळशी म्हटलं असतं, हयगय केली म्हटलं असतं तर तो कदाचित भांडला असता. पण आमच्या पट्ट्यात पाण्याचा चोर म्हणणं हे पैशाचा चोर म्हणण्यापेक्षा वाईट.  "भाऊ," तो एवढंच म्हणाला, "म्या जे टाकलं ते कॅनीतलंच टाकलं."

मी तिथे होते. पाच हातांवर, टायरवर बसलेली. तोंड उघडलं की सगळं मिटणार होतं आणि मी तोंड उघडलं नाही. मला धक्का बसला होता, सुचलंच नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की मी घाबरले होते, आणि बाबांचा हात उठलाच तर तो माझ्यावर उठू नये असं मला वाटत होतं. सुधाकरनं खिशातून गाडीची किल्ली काढली, नटबोल्टांच्या ताटलीशेजारी ठेवली आणि दुपट्टा खांद्यावर नीट करून बसस्टँडच्या रस्त्यानं निघून गेला. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, कारण माझ्याकडे पाहण्याचं त्याला काही कारणच नव्हतं.

मी दुसऱ्या दिवशी एसटीनं घरी आले. बाबा अकोल्यातच राहिले. आईनं विचारलं तेव्हा म्हटलं, इंजिन गेलं, दुसरं बसवायचं आहे. आणि सुधाकर? काढलं त्याला. "कावून?" मी म्हटलं, मला नाही माहीत. तोंडानं इतकं खोटं सरळ बोलता येतं याचाही मला धक्काच बसला. आठवडाभर मी वही उघडून बसायची. बॉयलरच्या पानापुढे जाता येत नव्हतं.

अकोल्यात बाबा आणि हनीफभाई भंगारबाजार पालथा घालत होते. एका अपघातातल्या गाडीचं इंजिन सापडलं, ते त्याच कप्पीनं आमच्या गाडीत उतरवलं गेलं, पाइप जोडले, वायरी जोडल्या. आठव्या दिवशी संध्याकाळी अंगणात गाडी आली तेव्हा आम्हाला कळलंच नाही. आवाज परका होता. आईनं तिच्यावरून लिंबू उतरवलं, नारळ फोडला. बाबा दमले होते, पण खुशीत होते. सकाळी उठून ओट्यावर बसले आणि म्हणाले, "आण वं चाय, आपला पेशल."

आईनं चहा आणला. बाबांनी एक घोट घेतला आणि कपात पाहिलं. दूध फाटून वर फुटक्या तांदळासारख्या कण्या तरंगत होत्या.

"हे काय वं? इतके दिवस त फाटत नव्हता."

आई सहज म्हणाली, चुलीकडे जाता जाता म्हणाली, "आता कुठून आणू वरूडचं पाणी? सुधाकर येत नाही, त कॅनी बी येत नाही. टँकरचं पुरते काय चायले?"

बाबांनी कप खाली ठेवला नाही. तो तसाच हातात, ओठांपासून चार बोटांवर राहिला. मी पाहिलं, ते मागच्या दोन मौसमांतले सगळे चहा मोजत होते. ते "वा", ते "आज चाय झाला चाय". प्रत्येक घोट त्यांना आता आठवत होता आणि प्रत्येक घोट कुठून आला ते कळत होतं. "मंग कॅनीत..." ते म्हणाले आणि थांबले.

"मी भरायची बाबा," मी म्हटलं. "विहिरीचं." उशीर झाला होता, पण म्हटलं.

हात उठला नाही. उठला असता तर बरं झालं असतं. बाबा त्या कपात पाहत म्हणाले, "म्या त्याले चोर म्हटलं. चारचौघात. अन् चोरीचं पाणी कोण पेत होतं? मी." आई भिंतीला टेकून उभी होती. 

बाबांनी मोटरसायकल काढली. मला म्हणाले, "बस मांगं. तूच सांगजो त्याले."

सुधाकरच्या गावाला मी पहिल्यांदाच जात होते. दोन खोल्यांचं कौलारू घर, दारात नुकतीच व्यालेली म्हैस, तिच्या अंगाला खेटून रेडकू. सुधाकर बाजेवर बसून दोरी वळत होता. आम्हाला पाहून उठला, बाज रिकामी केली, "या भाऊ" म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पाहुण्यांचा चहा, वरण, गुंडी, विहीर, पुसलेल्या कॅन. सांगताना रडू आलं, मी ते आवरलं नाही. तो खाली पाहून ऐकत होता. मग म्हणाला, "म्हंजे म्याच पाजलं त्याले. माह्या हातानं." त्याच्यावरचा आळ गेला याचं त्याला काहीच वाटलं नाही, इंजिनाचं वाटलं.

बाबांनी त्याचे हात धरले. "चुकलो सुधाकर," म्हणाले. "उद्यापासून ये. किल्ली तुह्यीच हाय."

तेवढ्यात त्याच्या बायकोनं चहा आणला. तीन कप, तिन्हींत कोरा चहा. काळा, पारदर्शक. बाबांना त्या अवघड घडीतून सुटायला काहीतरी हवंच होतं. ते हसून म्हणाले, "काहून वं बाई, दारात म्हैस दूध देऊन राहिली अन् आमाले कोरा चाय?"

ती बिचारी संकोचली. "दूध लय हाय भाऊ. पण फाटते ना. इथलं पाणी तुमच्याहून खारं. आमच्या घरी कोराच चाय असते."

बाबांचं हसू गेलं. त्यांनी म्हशीकडे पाहिलं, दाराशी ठेवलेल्या मडक्याकडे पाहिलं, मग सुधाकरकडे. "अन् तू दोन वर्षं..." त्यांनी कप बाजेवर ठेवला. "दर फेरीले चाळीस लिटर आणत होता ना बे. एक लोटा बी घरी नाही आणला?"

सुधाकर अगदी गोंधळून गेला. असा प्रश्न कुणी विचारू शकतं हेच त्याला नवीन होतं.

"कसा आणू भाऊ?" तो म्हणाला. "ते त गाडीच्या नावानं मांगून आणलेलं होतं."